१:४८ मस्टँगला उघड्या धातूचा रंग: पंख आणि धड वेगळे रंगवावेत का?

गरुडपंख

मी सध्या पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लढाऊ विमानाचे १:४८ प्रमाणातील प्लॅस्टिक मॉडेल बांधत आहे. कॉकपिट पूर्ण झाले असून धडाचे दोन्ही भाग आणि पंख चिकटवून झाले आहेत. सांधे घासायचे मात्र अजून बाकी आहेत. आजवर मी केलेली सर्व विमाने कॅमोफ्लाज रंगातील होती आणि मॅट रंगाखाली बारीकसारीक उणिवा सहज झाकल्या जात. या वेळी मला जून १९४४ मध्ये इंग्लंडमधील तळावरून उडणारे, न रंगवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे विमान करायचे आहे. माझ्याकडे एअरब्रश आहे आणि लॅकर (झटपट सुकणाऱ्या) प्रकारातील दोन धातुरंग आहेत, त्यांपैकी एक उजळ अ‍ॅल्युमिनियमचा व दुसरा किंचित गडद आहे.

माझी मुख्य शंका पंखांविषयी आहे. मस्टँगचे पंख उघड्या धातूचे नव्हतेच, त्यामुळे त्यांवरील पॅनल रेषा (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेघा) पुट्टीने बुजवून टाकाव्यात, असे काही जाणकार सांगतात. परंतु किटमध्ये तर पंखांवर रेषा आणि रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) अगदी रेखीव कोरलेले आहेत. ते बुजवणे खरोखर आवश्यक आहे का? शिवाय धातुरंगाखाली चकचकीत काळे अस्तर द्यावे की नेहमीचा राखाडी प्रायमर पुरेसा होईल, आणि पट्टे आधी रंगवावेत की नंतर, याविषयीही मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

सँडपेपर

आपल्याला मिळालेली माहिती बरोबर आहे. मस्टँगच्या पंखाचा छेद असा आखलेला होता की पंखाच्या पुढच्या भागावरून हवा शक्य तितकी विनाखळबळ वाहावी, आणि त्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत असणे भाग होते. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढील भागातील पत्र्यांचे सांधे व रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, त्यावर चंदेरी लॅकर फवारले जात असे. धडावर असे काही केले जात नसे; तिथे उघडा पत्राच दिसे. त्यामुळे एकाच विमानावर दोन प्रकारची चंदेरी छटा असे. धड चमकदार, प्रतिबिंब दाखवणारे आणि प्रत्येक पत्र्यागणिक किंचित वेगळे दिसे, तर पंख एकसंध, थोडे निस्तेज आणि चंदेरी रंग दिलेल्या वस्तूसारखे दिसत. हा फरक दाखवला नाही, तर बाकी काम कितीही सफाईदार असले तरी मॉडेल खेळण्यासारखे दिसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुजवताना सरसकट हात फिरवू नये. मशीनगन आणि काडतुसांच्या कप्प्यांची झाकणे, इंधन भरण्याची टोपणे, फ्लॅप व एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) यांच्या कडा या हलणाऱ्या किंवा उघडणाऱ्या भागांच्या रेषा आहेत आणि त्या तशाच ठेवाव्यात. प्रत्येक पंखात तीन याप्रमाणे अर्ध्या इंचाच्या सहा मशीनगन होत्या आणि त्यांत काडतुसे भरण्यासाठी ती झाकणे वारंवार उघडावी लागत. बुजवायचे ते केवळ पत्र्यापत्र्यांमधील सांधे आणि रिव्हेटच्या रांगा, आणि तेही मुख्यतः पंखाच्या पुढच्या भागात.

रडरकडेही, म्हणजे उभ्या शेपटीच्या मागच्या हलणाऱ्या भागाकडेही, लक्ष असू द्यावे. मस्टँगचा रडर कापडाने मढवलेला होता आणि त्यावर चंदेरी लेप असे. त्यामुळे तिथे धातूची चमक किंवा रंग उडून खाली दिसणारा पत्रा दाखवणे चुकीचे ठरते. आणखी एक गोष्ट रंगकामापूर्वीच तपासून घ्यावी. पी-५१डीच्या सुरुवातीच्या विमानांना उभ्या शेपटीच्या पुढे धडावर उतरत जाणारा त्रिकोणी उंचवटा नव्हता. तो नंतरच्या उत्पादनात आला आणि काही जुन्या विमानांना मागाहून बसवला गेला. आपण जून १९४४ म्हणता, तेव्हा बहुधा त्या उंचवट्याशिवायची शेपटी लागेल. निवडलेल्या विमानाचे छायाचित्र मिळाले, तर किटमधील सूचनांपेक्षा त्यावरच विश्वास ठेवावा.

निवांत रंगारी

पंखांविषयी वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी फक्त रंगाच्या खालच्या कामाविषयी लिहितो, कारण धातुरंगाचे यश तिथेच ठरते. धातुरंगाचा थर अतिशय पातळ असतो आणि तो काहीही झाकत नाही. ४०० नंबरच्या सँडपेपरची ओरखड, जी मॅट हिरव्या रंगाखाली कुणाला दिसली नसती, ती इथे लांबूनही दिसते. म्हणून सांधा आधी खरखरीत कागदाने सपाट करून मग ६००, १०००, १५०० अशा क्रमाने, शक्यतो पाणी लावून घासावा आणि प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण गेल्याची खात्री करूनच पुढे जावे. मस्टँगमध्ये पाठीवरची मधली रेघ, पंखाच्या मुळाशी असलेला जोड आणि पोटाखालच्या रेडिएटरच्या मुखाची आतली बाजू या तीन जागा विशेष छळतात. तिथे मी नेहमीच्या पुट्टीऐवजी सुपरग्लू वापरतो, कारण ती आकसत नाही. मात्र लावल्यावर तासाभरात घासून घ्यावी लागते, अन्यथा ती प्लॅस्टिकपेक्षा कठीण होते आणि घासताना सांध्याऐवजी भोवतालचे प्लॅस्टिकच झिजते. सांधा झाला असे वाटले की त्यावर कोणताही चंदेरी रंग पातळ फवारून खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहावा. दोष असेल तर तो लगेच दिसतो.

अस्तराबाबत म्हणाल तर अतिशय चमकदार धातू हवा असेल तिथे चकचकीत काळे अस्तर द्यावे, म्हणजे धडाला द्यावे. पंखांना राखाडी प्रायमर पुरेसा आहे. उलट तिथे काळे अस्तर दिल्यास जी चमक टाळायची तीच येते. काळा रंग काचेसारखा गुळगुळीत बसला पाहिजे, त्यावर संत्र्याच्या सालीसारखे पोत आले तर धातुरंगातही तेच पोत उमटते. तो पूर्ण सुकेपर्यंत किमान एक दिवस, आणि इनॅमल (सावकाश सुकणारा तैलरंग) असेल तर त्याहूनही अधिक, हात लावू नये. त्यानंतर धातुरंग सुमारे १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) इतक्या कमी दाबाने, जवळून आणि अतिशय पातळ थरांत फवारावा. छटा हवी तशी आली की थांबावे. जास्त थर दिले की चमक वाढत नाही, उलट ती मरते.

पट्टे आधी रंगवावेत, असे मी सुचवेन. लॅकर धातुरंग सुकला तरी टेपखाली नाजूकच असतो. प्रायमरवर प्रथम पांढरा पट्टा संपूर्ण रुंदीभर द्यावा, त्यावर टेपने मास्किंग करून दोन काळे पट्टे फवारावेत, मग ते सर्व झाकून उरलेल्या धडावर काळे अस्तर आणि धातू चढवावा. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्ट्याची रुंदी १८ इंच ठरलेली होती, म्हणजे १:४८ मध्ये साधारण ९.५ मि.मी. प्रत्यक्षात हे पट्टे नॉर्मंडीवरील आक्रमणाच्या आदल्या एक-दोन दिवसांत घाईघाईने, बऱ्याच ठिकाणी साध्या ब्रशने मारले गेले, त्यामुळे कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आल्या नाहीत तर फार मनावर घेऊ नये. टेप लावण्यापूर्वी एकदा तळहातावर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा आणि काढताना ती स्वतःवरच मागे दुमडत, पृष्ठभागालगत हळू ओढावी.

मिलिमीटर

सँडपेपर यांच्या माहितीशी मी सहमत आहे, परंतु पंखावरील सर्व सांधे बुजवण्याच्या आग्रहाशी नाही. तळावर रोज वापरल्या जाणाऱ्या विमानाच्या पंखावर मेकॅनिक चालत, गुडघे टेकून बसत, इंधन भरत. त्यामुळे पुट्टी भेगाळून काही सांधे पुन्हा पुसटसे दिसू लागत. त्या काळच्या विमानांच्या जवळून घेतलेल्या छायाचित्रांत असे सांधे अधूनमधून दिसतात. मी असतो तर रिव्हेट पूर्ण बुजवले असते, पण काही रेषांमध्ये पातळ केलेली पुट्टी भरून त्या केवळ उथळ केल्या असत्या.

मुळात प्रश्न रेषेच्या रुंदीचा आहे. किटवरील ०.२ मि.मी. रुंदीची रेघ १:४८ च्या हिशेबाने प्रत्यक्षात जवळजवळ एक सेंटिमीटर रुंद फट होते. एवढी फट कोणत्याही लढाऊ विमानाच्या पत्र्यांत नसते. तशात तिच्यात काळा वॉश (रेषा उठून दिसाव्यात म्हणून सोडलेला अगदी पातळ रंग) भरला की विमान विटा रचून बांधल्यासारखे दिसते. म्हणून पंखांवर फक्त उघडणाऱ्या झाकणांभोवती आणि एलेरॉन-फ्लॅपच्या सांध्यांत वॉश द्यावा, धडावर मध्यम राखाडी वॉश पुरेसा आहे, आणि शुद्ध काळा केवळ इंजिनाच्या झाकणांच्या कडांसाठी राखून ठेवावा. वॉश इनॅमलचा असेल तर लॅकर धातुरंगाला सहसा धोका नसतो, तरी आधी पंखाच्या खालच्या बाजूस कोपऱ्यात एकदा लावून पाहणे शहाणपणाचे. डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हे व आकडे) मऊ करणाऱ्या द्रावणाबाबत मात्र ही चाचणी टाळूच नये, कारण काही द्रावणांनी धातुरंगावर डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत.

धडावर एकाच पत्र्याची छटा सर्वत्र देऊ नये, हेही सांगतो. आपल्याकडील गडद अ‍ॅल्युमिनियमचा उपयोग इथेच आहे. इंजिनाच्या झाकणांपैकी एखादे आणि रेडिएटरभोवतीचे पत्रे टेपने वेगळे करून किंचित गडद करावेत. दोन-तीन पत्रे पुरेत. प्रत्येक पत्रा वेगळा केला की गोधडी होते.

शेवटी चाकांविषयी. इंजिन बंद झाल्यावर हायड्रॉलिक दाब हळूहळू उतरत असल्याने उभ्या मस्टँगची चाकांजवळची आतली दारे बहुधा खाली लोंबत आणि फ्लॅपही खाली उतरत. दारे बंद व फ्लॅप वर असे मॉडेल अगदी अशक्य नाही, पण मग ते नुकतेच थांबलेले विमान समजावे लागेल.

गरुडपंख

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पंखांच्या पुढच्या भागातील रिव्हेट बुजवीन, झाकणांच्या रेषा ठेवीन आणि उरलेल्या रेषा मिलिमीटर यांनी सांगितल्याप्रमाणे उथळ करीन. छायाचित्रात शेपटीपुढचा उंचवटा दिसत नाही, म्हणून किटमधील दुसरी शेपटी वापरायची ठरवले आहे. एक शेवटची शंका राहते. काम संपल्यावर सर्वांवर मॅट वार्निश द्यावे का? कॅमोफ्लाजच्या विमानांवर मी ते नेहमीच देतो.

निवांत रंगारी

धडाच्या धातूवर अजिबात देऊ नये. मॅट वार्निशखाली धातूचे कण चमकेनासे होतात आणि उरतो तो राखाडी रंग. ते फक्त नाकावरच्या ऑलिव्ह ड्रॅब पट्ट्यावर, म्हणजे वैमानिकाच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून रंगवलेल्या भागावर, आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर, बाकीचे झाकून द्यावे. पंखांना सॅटिन (अर्धचमकदार) वार्निशचा एक हलका हात चालेल, त्याने धड आणि पंख यांच्यातील फरक अधिक उठून दिसेल. डिकलच्या कडा धडावर फारच डोळ्यांत भरत असतील, तर वार्निशऐवजी आधीच प्रत्येक डिकलच्या कडेचा पारदर्शक भाग धारदार पात्याने शक्य तितका कापून टाकावा.