शब्दचर्चा : 'अधिकारक्षेत्र' की 'अधिकारिता'?

प्रश्न
'गुन्हा परदेशात घडला असला तरी राज्याचे अधिकारक्षेत्र तिथवर पोहोचते.' आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या लेखातल्या या वाक्यात 'ज्युरिस्डिक्शन'साठी, म्हणजे राज्याच्या कायदेशीर अधिकाराच्या कक्षेसाठी, 'अधिकारक्षेत्र' ठेवावे की 'अधिकारिता'? शिवाय 'पॅसिव्ह पर्सनॅलिटी'साठी (पीडित आपला नागरिक म्हणून खटला चालवण्याचा अधिकार) 'निष्क्रिय व्यक्तिमत्त्व तत्त्व' असे वाचनात आले. ते चालेल का?

प्रतिसाद १
अधिकारिता. 'क्षेत्र' म्हटले की वाचक नकाशा शोधू लागतो. पोलीस ठाण्याची हद्द सांगताना ते ठीक आहे. पण सार्वभौम राज्याच्या फौजदारी अधिकारितेचे जे पाच आधार नेहमी सांगतात, त्यांतला जमिनीला बांधलेला एकच, प्रादेशिक. उरलेले चार, म्हणजे आरोपीचे राष्ट्रीयत्व, पीडिताचे राष्ट्रीयत्व, राज्याच्या हिताचे रक्षण आणि सार्वत्रिक, हे मुळात हद्दीबाहेरच्या कृत्यांसाठीच लागतात.

मात्र तुमच्या वाक्यातला खरा घोटाळा 'पोहोचते' या क्रियापदात आहे. नक्की काय पोहोचते? अधिकारिता तीन प्रकारची: कायदा लागू करण्याची, खटला चालवण्याची आणि अंमलबजावणीची. 'अ' राज्याच्या नागरिकाने 'ब' राज्यात खून केला, तर 'अ'चा कायदा त्याला लागू असू शकतो आणि 'अ'चे न्यायालय खटलाही चालवू शकते. पण 'अ'चे पोलीस 'ब'च्या संमतीशिवाय तिथे जाऊन त्याला बेड्या घालू शकत नाहीत, घराची झडतीही घेऊ शकत नाहीत. त्यासाठी प्रत्यर्पणाची (आरोपी सोपवण्याची) मागणी किंवा परस्पर कायदेशीर साहाय्याची विनंती करावी लागते. पहिल्या दोन प्रकारांना बाहेर वाव आहे, तिसऱ्याला जवळजवळ नाही. म्हणून: 'गुन्हा परदेशात घडला असला तरी राज्याचा कायदा आरोपीला लागू होतो; अटक मात्र तिथल्या राज्याच्या संमतीनेच.'

प्रतिसाद २
दुजोरा. 'लोटस' खटल्यातही हाच भेद आहे. 2 ऑगस्ट 1926 ला खुल्या समुद्रात 'लोटस' हे फ्रेंच जहाज 'बोझकुर्त' या तुर्की जहाजावर आदळले आणि 8 तुर्की नागरिक बुडाले. लोटस इस्तंबूलला लागल्यावर तुर्कस्तानने त्यावरच्या फ्रेंच अधिकाऱ्यावर खटला भरला. 1927 मध्ये स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयात मते 6-6 पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तुर्कस्तानची बाजू टिकली. निकालातले 'मनाई नसेल तर मुभा' एवढेच लोक उचलतात. त्याआधीच न्यायालयाने म्हटले आहे की दुसऱ्याच्या भूमीवर कोणत्याही रूपात सत्ता गाजवता येत नाही. शिवाय टकरीपुरता तो निकाल आता चालत नाही. 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराचे कलम 97 सांगते की खुल्या समुद्रातल्या टकरीबद्दल खटला आरोपीचे जहाज ज्याचा ध्वज लावते ते राज्य किंवा आरोपी ज्याचा नागरिक ते राज्यच चालवू शकते. 'जहाज म्हणजे तरंगता भूप्रदेश' हेही लिहू नये. ध्वजाची अधिकारिता हा वेगळा आधार आहे.

प्रतिसाद ३
आता 'निष्क्रिय व्यक्तिमत्त्व'. हे वाचून कोणालाही आळशी माणूसच आठवेल! सरळ 'पीडिताच्या राष्ट्रीयत्वाचे तत्त्व' लिहा.

'सब्जेक्टिव्ह' आणि 'ऑब्जेक्टिव्ह' प्रादेशिकतेला 'व्यक्तिनिष्ठ' आणि 'वस्तुनिष्ठ' म्हणणे तर त्याहून घातक. इथे कोणाच्या दृष्टीचा काही संबंध नाही. सीमेच्या अलीकडून गोळी झाडली, पलीकडचा माणूस मेला: गुन्हा अलीकडे सुरू झाला म्हणून पहिल्या राज्याची अधिकारिता, पलीकडे पुरा झाला म्हणून दुसऱ्याचीही. 'आरंभस्थळाची' आणि 'पूर्तिस्थळाची' प्रादेशिकता म्हटले की अर्थ आपोआप कळतो.

'प्रोटेक्टिव्ह'साठी 'संरक्षण तत्त्व' नको, मराठीत 'संरक्षण' म्हणजे सैन्य अशी सवय झाली आहे. 'हितरक्षण तत्त्व' बरे. परदेशात बसून एखाद्या राज्याच्या खोट्या नोटा छापणे हे त्याचे ठरलेले उदाहरण.

प्रश्नकर्ता
आभार. मग सार्वत्रिक अधिकारिता असेल तर कोणीही कुठेही पकडू शकतो ना?

प्रतिसाद १
नाही. तिथे गुन्ह्याशी प्रदेशाचे वा राष्ट्रीयत्वाचे नाते लागत नाही, एवढेच. पकडण्याचे नियम तेच राहतात. अपवाद चाचेगिरीचा: खुल्या समुद्रात चाच्यांचे जहाज कोणतेही राज्य ताब्यात घेऊ शकते. पण तिथेही व्याख्या तपासा. खासगी हेतू हवा आणि एका जहाजाने दुसऱ्यावर हल्ला केलेला हवा. प्रवासी म्हणून चढलेल्यांनी आतूनच जहाज काबीज केले तर ती चाचेगिरी नव्हे. 1985 च्या 'आकिले लाउरो' या जहाजाच्या अपहरणात हीच फट दिसली आणि 1988 मध्ये वेगळा करार करावा लागला.

आइकमन या नाझी अधिकाऱ्याचे प्रकरणही इथलेच. 1960 मध्ये त्याला अर्जेंटिनातून पळवून नेले. सुरक्षा परिषदेने इस्रायलला योग्य भरपाई करायला सांगितले. अंमलबजावणीची मर्यादा मोडली होती, तरी जेरुसलेमच्या न्यायालयाने त्या कारणाने खटला सोडला नाही. अर्थात अशा अपहरणानंतर खटला चालवावा का, यावर सगळ्या देशांतली न्यायालये एकसारखी वागत नाहीत.

प्रतिसाद ४
एक भर. 'उन्मुक्ती' (परक्या न्यायालयातल्या कारवाईपासून संरक्षण) आणि 'दंडमुक्ती' (शिक्षेतून पूर्ण सुटका) एकच समजू नका. बेल्जियमने काँगोच्या पदावरील परराष्ट्रमंत्र्याविरुद्ध अटक वॉरंट काढले होते. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2002 ला ते रद्द करायला लावले, कारण पदावर असेपर्यंत परराष्ट्रमंत्र्याला परक्या न्यायालयांपासून उन्मुक्ती असते. त्याच निकालात त्यांनी स्पष्ट केले की ही उन्मुक्ती म्हणजे दंडमुक्ती नव्हे: स्वतःच्या देशात खटला होऊ शकतो, देशाने उन्मुक्ती काढून घेतली तर बाहेरही. सार्वत्रिक अधिकारिता वैध आहे का, हे बहुमताने ठरवलेच नाही. म्हणून या निकालाने ती नाकारली असे कोणी लिहिले तर खोडा.

प्रतिसाद ३
'राज्य'ही जपून वापरा. आंतरराष्ट्रीय कायद्यात राज्य म्हणजे सार्वभौम देश, पण मराठी वाचकाच्या मनात आधी घटकराज्य येते. पहिल्या उल्लेखात 'सार्वभौम राज्य' लिहा.