पार्टी बोटीवर तिकिटापेक्षा वरखर्चच जास्त?

मालवणकर, एडिसन:
बाबा गावाहून आलेत. त्यांना न्यू जर्सीतल्या बेलमारहून फ्लूक (एक चपटा मासा) धरायच्या पार्टी बोटीवर, म्हणजे तिकीट काढून अनेकांनी एकत्र गळ टाकायच्या बोटीवर, नेलं. जाहिरातीत तिकीट 85 डॉलर. धक्क्यावर माणशी डिझेलचे 5, गळाच्या काठीच्या भाड्याचे 10, दोरी तळाला न्यायचं शिसं वेगळं, वर कार्डाचे 4 टक्के. परतताना मासे साफ करण्याचे आणि मेटची, म्हणजे बोटीवरच्या मदतनिसाची, टीप. दोघांचे अडीचशेवर गेले. बाबा खूश होते, मनापासून. पण हे आधी का सांगत नाहीत? फोनवर नेमकं काय विचारायचं?

किनारेकर:
टीप मात्र यात धरू नका. मेट आमिष कापतो, शेजाऱ्याच्या दोरीत अडकलेला गळ सोडवतो, मासा वर आला की जाळं घेऊन धावतो. त्याची बरीच कमाई टिपेवरच असते. तिकिटाच्या 15-20 टक्के द्यावेत. डिझेलचं म्हणाल, तर 2022 मध्ये ते गॅलनला 5 डॉलरच्या वर गेलं होतं, तेव्हा लावलेला जादा आकार आमच्या इथल्या एका बोटीने अजून काढलेला नाही. हे मला पटत नाही. सरळ विचारा, "काठी, शिसं, डिझेल धरून रोख किती?"

रेखा, पर्थ अँबॉय:
काठी स्वतःची घ्या, दोन-तीन फेऱ्यांत पैसे वसूल. शिसंही घरून न्या, 4 ते 8 औंसांचं. तळाला अडकून तुटतंच. सर्वांत मोठा मासा धरणाऱ्याच्या बक्षिसासाठी पैसे गोळा करतात, ते ऐच्छिक असतं. आणि न्यू जर्सीत समुद्रातल्या गळाला परवाना फी नाही.

मालवणकर:
आभार. रविवारी बाबांसाठी काठी बघतो.