वडिलांना आवाज येतो पण बोलणं समजत नाही. कानाचा रिपोर्ट कुणी समजावून सांगेल का, आणि मशीन एका कानाला की दोन्ही?

धोटा_इचल
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. आमचे आण्णा ६८ वर्षांचे, इचलकरंजीत यंत्रमागावर ३४ वर्षं काढली, आधी दुसऱ्याच्या कारखान्यात आणि नंतर घरामागच्या शेडमध्ये आमचेच चार माग होते, साधे धोट्याचे, तो खडखडाट ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मागावर कुणी कुणाशी तोंडानं बोलतच नाही, हातवारे आणि ओठ बघून सगळं चालतं. मी शाळेतून डबा घेऊन जायचो तेव्हा आण्णा लांबूनच दोन बोटं दाखवायचे, म्हणजे दोन भाकरी ठेव, बाकी परत ने. कानात कापसाचा बोळा सुद्धा कधी कुणी घातला नाही.

आता पाच-सहा वर्षं झाली, टीव्ही गल्लीत ऐकू जाईल इतका मोठा लागतो. दुकानदार साठ रुपये म्हणाला की आण्णा आठ रुपये काढून देतात. फोनवर तर काहीच कळत नाही. माझी मुलगी ६ वर्षांची आहे, तिचं बोलणं सगळ्यात कमी समजतं त्यांना, आणि "आजोबा ऐकतच नाहीत" म्हणून ती आता त्यांच्याकडे गोष्ट सांगायला जात नाही, हे मला फार लागतं. आण्णांचं म्हणणं एकच, "आवाज येतोय रे, पण काय बोलताय ते समजंना." आणि मोठ्यानं बोललं की लगेच "वरडतोस कशाला, मी काय बहिरा हाय?" मग आमची भांडणं.

मागच्या वर्षी ऑनलाइन १८०० रुपयांचं एक मशीन मागवलं होतं, दोन दिवस घातलं आणि "डोक्यात भांडी पडल्यागत हुतंय" म्हणून कपाटात गेलं ते गेलंच. आता कानाची टेस्ट केली. उजवा कान २५० ला २०, ५०० ला २५, १००० ला ३५, २००० ला ५५, ४००० ला ७५, ८००० ला ६५. डावा २०, ३०, ३५, ६०, ८०, ७०. खाली लिहिलंय सरासरी उजवा ३८, डावा ४२, आणि शब्द ओळखण्याचे मार्क उजवा ७२ टक्के, डावा ६४. एका दुकानात सांगितलं थोडंसंच आहे, एका कानाला स्वस्तातलं घ्या, दुसऱ्यानं जोडीचे १ लाख ४० हजार सांगितले. कुणाचं खरं? आणि औषधानं काही होणार नाही का?

कानगोष्ट
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन लावणारी, १२ वर्षं झाली या कामात. प्रत्यक्ष कान न बघता निदान करता येत नाही हे आधीच सांगते, पण तुम्ही आकडे नीट दिलेत म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्याकडच्या आलेखात आडवी रेघ म्हणजे आवाजाची पट्टी, डावीकडे २५० म्हणजे खर्जातला, ढोलासारखा आवाज, आणि उजवीकडे ८००० म्हणजे रातकिड्यासारखा बारीक. उभ्या रेघेवर डेसिबल असतात आणि खुणा जितक्या खाली तितकं ऐकणं कमी. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. आता तुमचे आकडे बघा, ५०० पर्यंत आण्णांचं बऱ्यापैकी शाबूत आहे, १००० पासून घसरायला लागतं, ४००० ला खोल खड्डा आणि ८००० ला परत थोडं वर. हा खड्डा आणि नंतर वर येणं ही मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या कानाची ओळखीची खूण आहे. यंत्रमागवाले, फौंड्रीवाले, जनरेटरवर काम करणारे, सगळ्यांचे आलेख असेच दिसतात. वयाचा भाग त्यात मिसळलेला असणार.

आता "आवाज येतो पण समजत नाही" हे का होतं ते सांगते, कारण घरच्यांना हे कळलं की निम्मी भांडणं थांबतात. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर आणि म, न हे खालच्या पट्टीत असतात आणि जोरकस असतात. स, श, ख, थ, फ, च, ट यांची ओळख पटते ती वरच्या पट्टीतल्या अगदी हलक्या फुसफुशीवरून. आण्णांना पहिला भाग पूर्ण ऐकू येतो, दुसरा गळून जातो. म्हणून साठ मधला स गेला की आठ राहतं, ताट आणि पाट एकच वाटतात. माणूस बोलतोय हे कळतं, पण अर्थ ज्या अक्षरांवर असतो तीच येत नाहीत. लहान मुलांचा आवाज मुळात बारीक, म्हणून नातीचं सगळ्यात अवघड जातं.

आणि ते "वरडतोस कशाला" आहे ना, ते नखरे नाहीत हो. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशी मेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो, कधी कधी जास्तच टोचतो. मधली जागा अरुंद होते. ओरडल्यावर स्वर मोठे होतात, स आणि ट होत नाहीत, म्हणजे त्रास वाढला आणि कळलं काहीच नाही. तुमचं १८०० वालं मशीन हेच करत होतं, सगळंच सरसकट मोठं. तो फक्त आवाज वाढवणारा डबा, आण्णांच्या कानाप्रमाणे लावलेला नाही.

सरासरीचं बघा. ३८ आणि ४२ हे ५००, १०००, २००० या तीनच आकड्यांचे आहेत. ४००० धरून काढलं तर उजवा साडेसत्तेचाळीस येतो आणि डावा एक्कावन्न. त्यामुळे "थोडंसंच आहे" हे मला पटत नाही, शब्दांचे ७२ आणि ६४ टक्के तर शांत खोलीतले आहेत, लग्नाच्या मांडवात ते आणखी खाली जाणार.

हाडातून, म्हणजे कानामागच्या हाडावर कंपन देऊन, केलेल्या तपासणीचे आकडे हवेतून, म्हणजे हेडफोननं, केलेल्या तपासणीसारखेच असतील तर दोष आतल्या कानाचा, त्या पेशी परत उगवत नाहीत, त्यावर गोळी, थेंब, तेल काही नाही. दोन्हींत मोठं अंतर असेल तर मात्र पडदा, मधल्या कानातलं पाणी, हाडांची साखळी असं काही असू शकतं आणि त्यातलं बरंच उपचारानं सुधारतं. म्हणून मशीन घ्यायच्या आधी ईएनटी डॉक्टरांकडून कान एकदा बघून घ्याच, नुसता मळ घट्ट बसलेला असला तरी फरक पडतो.

दोन्ही कान जवळपास सारखेच गेलेत, तर मशीन दोन्हींना हवीत. आवाज कुठून आला हे दोन कानांनीच कळतं, गर्दीतून बोलणं वेगळं काढायलाही मेंदूला दोन्हीकडची माहिती लागते. एकच घेतलं तर दुसऱ्या बाजूला बसलेल्याशी परत तेच.

गुरुजी_सोलापूर
मी निवृत्त शिक्षक, वय ७१, सहा वर्षं दोन्ही कानांत मशीन आहेत. ताईंनी लिहिलंय ते सगळं अनुभवलेलं आहे. मी स्वतः वर्गात मुलांची उत्तरं ऐकू येईनात म्हणून शेवटची दोन वर्षं फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं, कुणाला सांगितलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

आण्णांना एक आधीच सांगून ठेवा, पहिल्या दिवशी बरं वाटणार नाही. मला पंख्याचा आवाज, चपलेचा आवाज, वर्तमानपत्राचं पान उलटताना होणारा आवाज, सगळं अंगावर आलं. प्लास्टिकची पिशवी कुणी चुरगाळली की दचकायचो. मेंदूला हे आवाज कित्येक वर्षं मिळालेलेच नसतात, कुठला महत्त्वाचा आणि कुठला सोडून द्यायचा हे त्याला परत शिकावं लागतं. मी पहिला आठवडा फक्त घरात, सकाळी दोन तास, मग चार, मग बायकोबरोबर बाजार, असं करत दीड महिना गेला. लग्नाला पहिल्याच दिवशी घालून नेऊ नका, लोक तिथेच काढून खिशात टाकतात आणि परत घालत नाहीत.

माझं कानामागचं आहे, बारीक वायर आणि टोकाला भोकांचं मऊ रबर. आधी मला कान पूर्ण बंद करणारं दिलं होतं, स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा, बदलून घेतलं. तीन-चार वेळा सेटिंगला जावं लागलं आणि जायचंच, लाजायचं नाही, "भांडी फार वाजतात", "सून बोलते ते अजून अंधुक" असं नेमकं लिहून न्यायचं.

बॅटरी माझी ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरवाली, आठवडाभर जाते. स्टिकर काढला की लगेच घालू नका, एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, ती हवेवर चालते. रात्री झाकण उघडून डबीत, सोबत सिलिका जेल, पावसाळ्यात तर न चुकता. आणि लहान मूल घरात आहे म्हणून सांगतो, त्या बॅटऱ्या उंचावर ठेवा, पोटात गेली तर ताबडतोब दवाखाना, थांबायचं नाही.

घरच्यांनी सुद्धा बदलावं लागतं. आधी नाव घेऊन हाक मारा, मग समोर येऊन, तोंडावर उजेड असेल असं बसून, जरा सावकाश बोला. स्वयंपाकघरातून ओरडून उपयोग नाही. एखादं वाक्य नाही कळलं तर तेच चार वेळा म्हणू नका, शब्द बदला. आणि "जाऊ दे, काही नाही" हे शब्द कृपा करून कधीच म्हणू नका. आम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

रेवा_ठाणे
विषय थोडा वेगळा आहे पण लिहितेच, कुणाचा तरी कान वाचेल. माझ्या सासूबाई एक दिवस सकाळी उठल्या तर डावा कान एकदम बंद, आत शिट्टी वाजतेय आणि जरा गरगरतंय. आम्ही म्हटलं मळ असेल, शेजारच्यांनी लसूण घालून कढवलेलं तेल घालायला सांगितलं, आम्ही आठ दिवस तेल घालत बसलो. ईएनटीकडे गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं की आतल्या कानाचं ऐकणं अचानक गेलंय, स्टिरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकी परत येण्याची आशा जास्त. औषधं झाली, थोडंच परत आलं. ते आठ दिवस मला अजून सुटत नाहीत. एका कानानं अचानक कमी ऐकू आलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर, आणि कानात तेल अजिबात नको, पडद्याला भोक असेल तर ते थेट आत जातं.

मशीनसाठी आम्ही शेवटी वांद्र्याला रिक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्थेत गेलो, केंद्र सरकारची संस्था आहे, १९८३ पासूनची. गर्दी असते, वेळ काढून जा, पण तपासणी शांतपणे केली आणि कुणी महागाचं गळ्यात मारलं नाही.

धोटा_इचल
काय बोलू, डोळे भरून आले वाचताना. मी किती वर्षं त्यांच्यावर ओरडतोय. काल रात्री गुरुजींनी सांगितलं तसं समोर बसून सावकाश बोललो तर अर्धा तास गप्पा मारल्या त्यांनी, मशीन नसताना! ईएनटीनं मळ काढला, पडदा चांगला आहे, हाडातले आकडे तेच आले.

आता दोन अडचणी, एक पैसे, सरकारी योजना आहे का, आणि दुसरं आण्णा म्हणतात "लोक काय म्हणतील, आता म्हातारा झालो असं दिसंल."

कानगोष्ट
योजनेचं खरं ते सांगते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांना किमान ६० डेसिबल नुकसान लागतं, आण्णा त्यात बसणार नाहीत, त्यामुळे त्या दाखल्यावर मिळणारं मशीन नाही. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्रीत ६५ च्या पुढच्यांना उत्पन्नाच्या अटीवर एकदा ३००० रुपये खात्यात येतात, जोडीला पुरणार नाहीत पण बॅटऱ्यांना होतील. समाजकल्याण कार्यालयात विचारा.

१ लाख ४० हजारांचीच गरज आहे असं मला वाटत नाही. महागड्या मशीनमध्ये पैसे बरेचसे गर्दीतल्या सोयी, ब्लूटूथ यांचे असतात. आण्णांचं आयुष्य घर, कट्टा, देऊळ असेल तर मधल्या किंवा खालच्या श्रेणीतलं डिजिटल, पण नीट लावलेलं, पुष्कळ चांगलं काम देतं. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: तपासणारी व्यक्ती आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी झालेली आहे का, घरी काही दिवस ट्रायल देणार का, आणि नंतरच्या सेटिंगचे वेगळे पैसे आहेत का. जमलं तर कानात बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्यापाशी किती पोचतोय हे मोजून मागा, नुसतं "आता बरं वाटतंय का?" यावर मशीन लावून होत नाही.

लोकांचं म्हणाल तर मी पेशंटना सांगते, मशीन कानामागे कुणाला दिसत नाही, पण भलतंच उत्तर दिलेलं सगळ्या गल्लीला दिसतं. तरीही जबरदस्ती करू नका, नातीला मध्ये घाला.

धोटा_इचल
दोन महिन्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. जोडी घेतली, ५६ हजारांना, ट्रायल १५ दिवस दिली. पहिले आठ दिवस कपाळाला आठ्या, दोनदा काढून ठेवली. मग मुलीनं खेळ केला, ती पाठ करून एक शब्द म्हणणार आणि आजोबांनी ओळखायचा, साखर, सागर, खापर असलं काहीतरी. आता रोज संध्याकाळी तेच चालतं. तिसऱ्यांदा सेटिंग करून आलो तेव्हा "ट" आणि "च" सुधारलं. टीव्हीचा आवाज ४२ वरून १८ वर आलाय. कानात सतत रातकिड्यांसारखा आवाज यायचा, तो पण मशीन घातल्यावर कमी वाटतो म्हणतात.

अजून एक, त्यांच्याबरोबर मी पण टेस्ट करून घेतली, माझं वय ३९, ४००० ला ३५ आलंय. त्या शेडच्या भिंतीला लागूनच माझी खोली होती. चुलतभाऊ अजून माग चालवतो, त्याला काय घ्यायचं कानात घालायला?

कानगोष्ट
तुमची आठवण येत होती, फार छान केलंत. तुम्ही दर वर्षी टेस्ट करत जा.

आठ तासांसाठी सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबल धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच. धोट्याच्या मागांची शेड बहुतेक वेळा ९० च्या वरच असते. भावाला फोमचे इअरप्लग घ्यायला सांगा, फौंड्रीवाले वापरतात तेच, सेफ्टीचं सामान मिळतं तिथे मिळतील. घालायची पद्धत महत्त्वाची, बोटांनी वळून बारीक वात करायची, दुसऱ्या हातानं कान वरच्या बाजूला धरून वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि फोम फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवून दाबून धरायची. अर्धवट बाहेर लोंबत असेल तर ते घातलेलंच नाही असं समजा. कापूस नको, त्यानं फारसं काही अडत नाही. आणि आण्णा शेडमध्ये गेले तर मशीन काढून त्यांनी पण प्लगच घालायचे.

धोटा_इचल
उद्याच आणतो. चार जोड्या, कांडी भरायला येणाऱ्या मावशींना पण.