सीटी स्कॅन यायच्या आधी डोक्यातलं कसं बघायचे? नववीच्या पोराचा प्रश्न

निपाणीची_विज्ञान_बाई
नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. परवा नववीला क्ष-किरण घेतले, रॉन्टगेन, १८९५, बायकोच्या हाताचा अंगठीसकट फोटो, सगळं सांगून झालं आणि पोरांना दाखवायला सासऱ्यांच्या जुन्या फिल्मा नेल्या होत्या, एक छातीचा एक्स-रे आणि एक मिरजेत काढलेला डोक्याचा सीटी. पोरांनी खिडकीला धरून बघितल्या. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, एक्स-रेत एकच फोटो हाय, मग ह्येच्यात वीस-वीस कसे? कॉम्प्युटरनं काढलाय म्हणता, मग कॉम्प्युटर नव्हता तवा डोक्यातलं कसं बघत होते?" मला उत्तर आलं नाही. उद्या सांगते म्हटलं, त्याला चार दिवस झाले. नेटवर बघितलं तर नुसती यंत्रांची नावं आणि सालं. दवाखान्यात कॉम्प्युटर आला म्हणजे नेमकं काय बदललं हे कुणी नीट सांगाल का?

डार्करूममधला_काका
बाई, पोरगा हुशार आहे, त्याचं कौतुक करा आधी. मी ३४ वर्षं एक्स-रे टेक्निशियन होतो, आधी मिरज, मग बेळगाव.

डोक्याच्या साध्या एक्स-रेत कवटी दिसते, मेंदू दिसत नाही, कारण मेंदू आणि त्यातलं पाणी दोन्हीतनं किरण जवळजवळ सारखेच आरपार जातात. म्हणून १९१९ ला वॉल्टर डँडी नावाच्या अमेरिकन सर्जननं एक पद्धत काढली, पाठीच्या मणक्यात सुई घालून मेंदूभोवतीचं पाणी काढायचं आणि त्याजागी हवा भरायची. हवा फिल्मवर काळी दिसते, त्या काळ्या पोकळ्या एका बाजूला सरकल्यात का बघायचं आणि त्यावरनं गाठ कुठं असेल ते ओळखायचं. पेशंटला खुर्चीला बांधून उलटंपालटं करायचे, हवा वर चढावी म्हणून. उलट्या, आणि डोकं दुखणं दिवसच्या दिवस. माझ्या सिनियरनी हे केलेलं होतं, ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पोराला सांगा, असं बघत होते.

मग आला हाऊन्सफील्ड, सीटी स्कॅन काढणारा. हा डॉक्टर नव्हे, इंजिनिअर. आणि कंपनी कुठली तर ईएमआय, म्हणजे कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या काढणारी. त्यानं त्याआधी त्याच कंपनीत कॉम्प्युटर बनवला होता. त्याचा विचार असा, की फोटो काढायचाच नाही, मोजायचं. डोक्याच्या एका बाजूनं बारीक किरण सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला तो आकडा लिहायचा, जरा सरकायचं, परत मोजायचं, अशी एका बाजूनं १६० मापं, मग एक अंश फिरायचं, परत १६०, असं १८० अंशांपर्यंत. २८,८०० आकडे होतात बघा. त्यातनं आत कुठल्या ठिकाणी किती दाट आहे हे गणितानं काढायचं. हे माणसाच्या हातानं होणार नाही, म्हणून कॉम्प्युटर. सुरुवातीच्या प्रयोगात एका चित्राची मापं घ्यायलाच ९ दिवस लागले होते आणि हा माणूस बैलाचे मेंदू पिशवीत घालून लंडनच्या बस-रेल्वेनं लॅबमध्ये न्यायचा! १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात एका बाईचा पहिला स्कॅन झाला, मेंदूत गाठ असल्याचा संशय होता, आणि गाठ दिसली. चित्र होतं ८० गुणिले ८० चौकोनांचं, मोबाईलच्या छोट्या आयकॉनएवढं म्हणा की. १९७९ ला नोबेल मिळालं, अॅलन कॉरमॅकबरोबर, त्यानं ते गणित आधीच मांडून ठेवलं होतं पण कुणी बघितलं नव्हतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आमच्या वेळी फिल्म म्हणजे वस्तू. लाल दिव्यात कॅसेट उघडा, डेव्हलपर, पाणी, फिक्सर, पाणी, हँगरला टांगा, आणि नातेवाईक बाहेर बसलेले, "झालं का ओ?" ओली फिल्म घेऊन डॉक्टर खिडकीशी उभे. मिरजेला दाखवायची असली तर खाकी पाकिटात घालून नातेवाईक एसटीनं घेऊन जायचा. एकदा जूनच्या पावसात चिकोडीच्या एका माणसाचं पाकीट भिजलं, फिल्मा एकमेकीला चिकटल्या, परत काढायला पैसे नव्हते त्याच्याकडे. ते पाकीट मी अजून विसरलो नाही. आकडे भिजत नाहीत बाई, माझ्या मते बदल तो.

टिळकवाडी_ते_पुणे
काकांनी लिहिलेलं वाचून आमच्या आप्पांचा स्कॅन आठवला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून दोन गोष्टी जोडतो.

दवाखान्यातली गोष्ट दूर पाठवणं हे कॉम्प्युटरच्याही आधीचं आहे. हॉलंडमधल्या लायडनला आइन्थोवेननं ईसीजीचं यंत्र केलं, ते जवळजवळ २७० किलोचं, पेशंट हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचा. यंत्र हॉस्पिटलात नेता येईना, मग १९०५ साली त्यानं हॉस्पिटलापासून आपल्या लॅबपर्यंत दीड किलोमीटर टेलिफोनच्या तारेवरनं हृदयाचे ठोके आणले. आपल्या कर्नाटकात तेच काम २००२ च्या सुमाराला इस्रोच्या उपग्रहावरून झालं, चामराजनगरचं जिल्हा हॉस्पिटल बंगळूरच्या हृदयाच्या हॉस्पिटलशी जोडलं होतं.

पण आकडे झाले म्हणजे काम झालं असं नाही. आधी प्रत्येक कंपनीचं मशीन आपल्याच भाषेत फाईल लिहायचं, एकाचं दुसऱ्याला उघडत नव्हतं. १९८५ ला अमेरिकेत रेडिओलॉजिस्ट आणि कंपन्यांनी मिळून पहिला नियम केला आणि १९९३ ला तो डायकॉम नावानं नेटवर्कवर चालेल असा झाला. आज मिरजेची सीडी बेळगावात उघडते ती त्यामुळं. आणि सीडी फेकू नका ओ कुणी, फिल्म उन्हात-उष्णतेत काळी पडते आणि तिच्यावर सगळे आकडे नसतातच.

दुसरी गोष्ट वाईट आहे पण पोरांना सांगाच. थेराक-२५ नावाचं कॅन्सरला किरण द्यायचं मशीन होतं. आधीच्या मॉडेलमध्ये चुकून जास्त किरण जाऊ नये म्हणून वेगळी यांत्रिक कुलपं होती, यात ती काढून सगळं सॉफ्टवेअरवर सोपवलं. १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका-कॅनडात ६ जणांना भयंकर जास्त डोस बसला, काही दगावले. एक चूक अशी होती की ऑपरेटरनं टाईप केलेलं भराभर दुरुस्त केलं की स्क्रीनवर बरोबर दिसायचं, आत मशीन मात्र जुन्याच स्थितीत. स्क्रीनवर नुसतं "मालफंक्शन ५४" यायचं. असे मेसेज रोजच यायचे म्हणून ऑपरेटर पुढे चालू ठेवायचं बटण दाबायचे. पेशंट भाजलं म्हणून ओरडत होता आणि कंपनी आधी म्हणाली असं होणं शक्यच नाही. मी हे कॉलेजात वाचलं तेव्हापासून एररचा मेसेज लिहिताना हात थांबतो.

खानापूरची_आशाताई
मी मोठं लिहिणारी नव्हे, आमच्या जंगलाकडच्या गावांचं सांगते. कोरोनात आम्हाला बोटाला लावायचं मशीन दिलं, ऑक्सिमीटर. दोन दिवे असतात, एक लाल आणि एक न दिसणारा, रक्तात ऑक्सिजन भरलेला असला की लाल प्रकाश जास्त पार होतो, कमी असला की कमी. हे जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७० च्या दशकात शोधलं आणि ते २०२० च्या एप्रिलमध्ये वारले, म्हणजे सगळं जग त्यांचं मशीन बोटाला लावून बसलं होतं तेव्हाच. मला हे नंतर ट्रेनिंगमध्ये कळलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं.

एका घरात आजी बसून बोलत होत्या, चहा घे म्हणत होत्या आणि बोटाला ८१. तोंडावर काही दिसत नव्हतं. माझ्या मोबाईलला रेंज नाही, टेकडावर पळत जाऊन फोन केला तेव्हा गाडी आली. आकडा होता हातात, पण पाठवायचा कुठनं? शेतात राबून काळवंडलेल्या, मेहंदीच्या बोटाला आकडा चुकतो का असं मी विचारलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही. नंतर त्याच वर्षी अमेरिकेत अभ्यास छापून आला की काळ्या कातडीच्या पेशंटांमध्ये हे मशीन खरा कमी ऑक्सिजन जास्त वेळा चुकवतं.

आणि बाई, मुलींना सोनोग्राफीचं पण सांगा. ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्डनी १९५८ ला बाळाची चित्रं छापली ती आई आणि बाळ वाचावं म्हणून. आपल्याकडं त्याच मशीननं पोटातली मुलगी ओळखून पाडली. हे थांबवायला १९९४ ला कायदा झाला तरी हजार मुलग्यांमागं सहा वर्षांच्या आतल्या मुली १९९१ ला ९४५, २००१ ला ९२७, २०११ ला ९१८.

निपाणीची_विज्ञान_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, ते तीन आकडे मी फळ्यावर लिहिले, वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. काका, १८० बाजू कशाला लागतात ते मलाच नीट पटत नव्हतं, काही करून दाखवता येईल का?

डार्करूममधला_काका
येतं की. तीन बाय तीनच्या चौकटीत चिंचोके ठेवा, वर पुठ्ठा झाका. आडव्या आणि उभ्या ओळींच्या बेरजा तेवढ्या सांगा आणि आत कुठं किती ते पोरांना काढू द्या.

निपाणीची_विज्ञान_बाई
आज केलं. दोन चिंचोके कोपऱ्याला कोपरा ठेवले होते. अर्ध्या वर्गाचं उत्तर एक, अर्ध्याचं उलट्या कोपऱ्यात, आणि दोघांच्याही बेरजा बरोबर! जोरात भांडण झालं. मग तिरक्या ओळींच्या बेरजा सांगितल्या आणि एकच उत्तर उरलं. तोच मागच्या बाकावरचा उठून म्हणाला, "म्हणजे बाई, जितक्या बाजूंनी इचारलं तितकं खरं कळतंय. म्हणून तो फिरत होता." पुठ्ठा काढायच्या आधीच त्यानं फळ्यावर चौकट काढली होती.