बागेत न विचारता आलेली कला: काय ठेवावं, काय काढावं?

सदाफुली: वस्तीतल्या बागेच्या देखभाल समितीसाठी विचारतेय. कुणीतरी परवानगी न घेता तीन गोष्टी केल्यात: झाडांच्या खोडांना विणलेली लोकरीची वेष्टनं, दगडी कठड्यावर ऑइल पेंटचं चित्र, आणि झोपाळ्यांजवळ मीटरभर उंचीचा सिमेंटचा पक्षी, जमिनीवर नुसता ठेवलेला. लोकांना तिन्ही आवडल्यात. निकष काय लावायचा? आणि काढायचं झालं तर बागेला इजा न करता कसं?

खडीवाळू: पक्षी आधी बघा, आणि आजच. बाकीच्या दोन्ही गोष्टी थांबू शकतात. पायाचा ठोकळा मोजा. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं, म्हणजे सगळ्या बाजूंनी ४० सेंमीचा ठोकळा १५४ किलोचा. ऐकायला भक्कम वाटतं, पण एक मीटर उंचीवर ३० किलोच्या आसपास आडवा जोर लावला की तो कडेवर उलटतो. दोन मुलं लोंबकळली की झालं! तेवढंच काँक्रीट ८० × ८० सेंमी, १० सेंमी जाड लादीत ओतलं तर जोर दुप्पट लागतो. (पक्ष्याचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. मान एका बाजूला झुकलेली असेल तर त्या बाजूला तो आणखी लवकर कलंडेल.)

ठेवायचा असेल तर २० सेंमी खणा, निम्म्या खोलीपर्यंत खडी टाकून चोपा, वर लादी ओता आणि लादीतून वर काढलेल्या दोन सळ्या पक्ष्याच्या पायात भोकं पाडून इपॉक्सी या घट्ट गोंदाने बसवा. सळईवर काँक्रीटचं ४० मिमी तरी आवरण हवं. ते कमी पडलं की पाणी आत शिरतं, गंजलेली सळई फुगते आणि सिमेंटच्या खपल्या उडतात. पंखांतून आतल्या तारेच्या जाळीची टोकं बाहेर आलीत का, तेही हात फिरवून बघा, हातमोजे घालून.

पारंबी: निकष एकच ठेवा: वस्तू कशाला आणि कशी अडकवली आहे. सुंदर आहे का, यावर समितीत एकमत होणार नाही.

लोकर पावसाआधी उतरवा. भिजली की साल वाळत नाही, आत बुरशी आणि किडे. कोवळ्या झाडाचा घेर वाढतो, वीण वाढत नाही, त्यामुळे खोडाला गळफास बसतो. ॲक्रिलिकचा धागा कुजतही नाही, सुटलेल्या टोकांत पक्ष्यांचे पाय अडकतात. कात्रीने शिवण उसवा, ओढू नका. आत खिळे किंवा स्टेपल असतील तर पक्कडीने सरळ उपसा, भोकात काही भरू नका. तीच वेष्टनं दिव्याच्या खांबाला किंवा बाकाच्या हाताला शिवली तर खुशाल राहू द्या.

सदाफुली: आणि कठडा? वाळूचा फवारा मारून रंग काढू, असं एक जण म्हणतोय.

चुनखडी: मुळीच नको. फवाऱ्याने दगडाचा वरचा कठीण थर जातो आणि उरलेला भाग जास्त पाणी पितो. थिनर आणि फडकं त्याहून वाईट, विरघळलेला रंग छिद्रांत खोल उतरतो. रंग काढायची जेल तळहाताएवढ्या कोपऱ्यात आधी लावून बघा. दगडाचा रंग बदलला नाही तर जाड थर द्या, वर प्लास्टिक झाका, डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर लाकडी पट्टीने खरवडा. पाणी कमी दाबाचं वापरा, आणि निघालेला चिखल मातीत जाऊ देऊ नका. दोन-तीन हात मारावे लागतील. फिकट छाया उरली तर राहू द्या. तिच्या मागे लागूनच दगड खराब होतात.

पारंबी: काढलेली वस्तू फोडू नका. फोटो काढा, पंधरा दिवसांची सूचना लावा, मग कोठारात ठेवा. न्यूयॉर्कच्या फोर्ट ग्रीन पार्कमध्ये एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनचा अर्धपुतळा रातोरात बसवला गेला. त्याच दिवशी तो उतरवला, पण पुढे कलाकारांना परतही मिळाला. चंदीगडचं रॉक गार्डन तर नेकचंद यांनी सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षं गुपचूप रचलं आणि १९७६ मध्ये ते रीतसर लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा परवानगी नाही एवढ्याच कारणावरून हातोडा उचलू नका. झोपाळ्यांजवळचा तो पक्षी मात्र लादी ओतून होईपर्यंत आडवा करून ठेवा.