भारतीय वंशाचा मॉरिशस आणि स्थलांतराची आकडेवारी: अभ्यासाची सुरुवात कोठून करावी?

प्रश्न:
समाजशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या समाजाचा विषय निवडला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे ३०.४ कोटी आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते. मात्र त्याच आकडेवारीत मॉरिशसच्या वाट्याला फार थोडे स्थलांतरित येतात, आणि तेथील बहुसंख्य लोक तर भारतीय वंशाचे आहेत. याचा मेळ कसा घालावा?

प्रतिसाद १:
या दोन गोष्टींत विरोध नाही. ही मोजणी प्रामुख्याने जन्मस्थानावर आधारलेली असते. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला नेलेल्या लोकांची पणतवंडे तिथेच जन्मली, त्यामुळे ती स्थलांतरितांत धरली जात नाहीत. पण डायस्पोराच्या, म्हणजे मूळ देशाबाहेर स्थायिक झालेल्या समाजाच्या, अभ्यासाचा गाभा नेमका त्यांच्यातच आहे. याच्या उलटही घडते. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, तेव्हा एका प्रजासत्ताकात जन्मून दुसऱ्यात राहणारे लाखो लोक त्या वर्षी घर न सोडताही आंतरराष्ट्रीय स्थलांतरित ठरले, कारण सरहद्द त्यांच्या मागे उभी राहिली. म्हणून आधी प्रश्न ठरवा आणि मग आकडा शोधा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे. आपल्या विषयाची खरी श्रीमंती जुन्या सरकारी दप्तरांत आहे. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत मजुराचे नाव, वय, जहाज असा तपशील मिळतो आणि पुढील काळातील अनेकांची छायाचित्रेही आहेत. मात्र या नोंदी मजुरांसाठी नव्हे, तर त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी केलेल्या होत्या, हे विसरू नका. कारकुनाने नाव कानावर पडेल तसे लिहिले, आणि तेच पुढे कित्येक घराण्यांचे आडनाव झाले. त्यामुळे केवळ आडनावावरून मूळ प्रांत ठरवणे धोक्याचे आहे. तसेच बरेच मजूर करार संपल्यावर भारतात परतले. केवळ मॉरिशसमध्ये राहिलेल्यांच्या वंशजांना विचारून लिहिलेला इतिहास या परतलेल्यांना वगळूनच उभा राहतो, आणि मला ही उणीव गंभीर वाटते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. परतलेल्यांचा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. आता मुलाखतींच्या जोडीला परतीच्या जहाजांच्या नोंदीही पाहीन.