घर विकायचंय, आतून काय करून घेऊ? (मदत हवी आहे)

चिंचोका: घर विकायला काढलंय. लोक येतात, बघतात, 'कळवतो' म्हणतात आणि गायब. एजंट म्हणतो, आतून जरा नीटनेटकं करा. स्वयंपाकघर नवं करू, फरशी बदलू की नुसता रंग काढू? लवकर सांगा, रंगारी उद्या येतोय.

उंबरठा: फ्लॅट की स्वतंत्र घर? किती जुनं? राहताय की रिकामं आहे? बजेट? काहीच न सांगता काय सुचवणार!

सरळरेषा: स्वयंपाकघर. डोळे मिटून. आम्ही सगळ्या ट्रॉल्या बदलल्या आणि घर लगेच गेलं.

खटाटोप: घेणाऱ्याला तुमच्याच ट्रॉल्या आवडतील कशावरून? आधीच्या मालकाने हौसेने केलेला नवाकोरा ओटा आम्ही राहायला यायच्या आधीच फोडला. गळका नळ, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या, टाइल्सच्या फटींतलं काळं पडलेलं ग्राउट एवढं करा आणि निम्मं सामान हलवा.

सरळरेषा: म्हणजे आमचं घर योगायोगाने गेलं?

खटाटोप: भाव कमी लावला असेल.

निवांत: विकता कशाला? भाड्याने द्या.

चिंचोका: विकायचं ठरलंय हो, तो विषय नको. जुना फ्लॅट आहे, आम्ही राहतोय. फरशी ठीक. बेडरूममध्ये खालच्या बाजूला थोडा रंग सुटलाय, तिथे कपाट सरकवलंय. बाकी बरं आहे.

उंबरठा: कपाटामागची भिंत बाथरूमला लागून आहे का?

चिंचोका: हो. का?

उंबरठा: अहो, हे आधी सांगायचं ना! ओल असेल तर खोलीत शिरताक्षणी कुबट वास येतो, तुम्हाला सवयीने जाणवत नाही. वरून पुट्टी-रंग मारलात तर पुन्हा पोपडे येणार. साधारण ४५ सेंमीचा प्लॅस्टिकचा चौकोन त्या भिंतीवर चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा, एक दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली, मग कपाट पुढे ओढून वारा खेळू द्या. आणि बाथरूम काही दिवस वापरू नका. तरी ओल वाढली तर पाण्याच्या लाइनवर संशय, कारण तिच्यात कायम दाब असतो. वापरल्यावरच वाढत असेल तर फरशीचे सांधे नाहीतर ड्रेनेज.

रंगपेटी: रंग काढाल तेव्हा मॅट घ्या. चकचकीत रंगात जुन्या भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. आणि एका खोलीत ३००० केल्विनचे (पिवळसर) आणि ६५०० केल्विनचे (निळसर पांढरे) दिवे एकत्र नकोत, फोटोत भिंत अर्धी पिवळी, अर्धी निळी दिसते.

सरळरेषा: ६५०० म्हणजे दवाखाना.

रंगपेटी: मग अभ्यास अंधारात करायचा का?

उंबरठा: दिव्यांचा वेगळा धागा काढा.

चिंचोका: रंगाऱ्याला थांबवलंय. थेंब भिंतीच्याच बाजूला आले. खरवडलं तर पांढरी पूडही निघतेय. गीझरची लाइन त्याच भिंतीत आहे. प्लंबर म्हणतो, फोडूनच बघू. फोडू देऊ?

उंबरठा: आधी प्रेशर टेस्ट करायला सांगा, म्हणजे लाइनमध्ये दाबाने पाणी भरून दाबमापक लावायचा. मुख्य कॉक आणि सगळे नळ बंद असताना त्याचा काटा उतरला तरच भिंतीला हात. दुरुस्तीनंतर सैल गिलावा काढा, नवा लावा, पूर्ण वाळू द्या, मग पुट्टी. बिल जपून ठेवा, घेणाऱ्याला दाखवता येईल.

खटाटोप: तोवर घर दाखवताना कपाट बाजूलाच ठेवा आणि काम चालू आहे असं सरळ सांगा. लपवलेलं सापडलं की भाव पाडतात.

निवांत: भाडेकरू असता तर त्यानेच कळवलं असतं.